एल्सपेथचं पिंप

बर्नशील या व्हिस्कीच्या भट्टीच्या तीन नंबरच्या गोदामात एल्सपेथ गेडिस शिरली की सगळे आपसूक गप्प होतात. तिचा धाक आहे म्हणून नव्हे, म्हणजे तोही आहेच, पण तिला ऐकायचं असतं म्हणून. हातात लहानशी लाकडी मोगरी घेऊन ती पिंपांच्या रांगेतून चालते आणि प्रत्येकाच्या तोंडावर तीनदा ठोकते, वर, मध्ये आणि खाली. पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथपर्यंत व्हिस्की आहे, एवढं कुणालाही कळेल. एल्सपेथला त्याहून पुष्कळ कळतं. कुठली फळी सुकली, कुठल्या कड्याला ढील पडली, हे ती उभ्या उभ्या सांगते. त्यानंतर आम्ही बूच काढून काठी बुडवून मोजतो ती केवळ तिच्याशी वाद घालायची हौस म्हणून. त्या वादात आजवर कुणी जिंकलेलं नाही.

हा कान तिला बापाकडून आला. डॉड गेडिस त्याच गोदामाचा अडतीस वर्षं राखणदार होता. अंगानं चिपाड, बोलणं मोजून मापून, डोक्यावर एकच टोपी उन्हाळा-हिवाळा. त्याची कीर्ती मात्र स्पे नदीच्या दोन्ही काठांवर होती, कारण त्यानं अडतीस वर्षांत एकही पिंप गळू दिलं नव्हतं. ऐकायला हे साधं वाटतं. पण लाकूड आहे ते. उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आखडतं, किडा लागतो, लोखंडी कडं गंजतं आणि वीस वर्षं जपलेली व्हिस्की एका आठवड्यात मातीच्या जमिनीत जिरून जाते. शेजारच्या प्रत्येक गोदामानं असे चटके खाल्लेत. डॉडनं नाही. तो स्वतः हे कधी सांगायचा नाही, पण दुसरा कुणी सांगायला लागला की टोपी जरा मागे सरकवून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा.

एकोणीसशे एक्याण्णवच्या वसंतात एकोणीस वर्षांची एल्सपेथ त्याच्या हाताखाली कामाला आली तेव्हा मोठी कुरबूर झाली. बायका बाटल्या भरायच्या खात्यात असत. गोदामात तोवर कुणी बाई नव्हती. पिंपं बांधणारा डूगल स्टॉट, ज्याच्या जिभेला हाड नाही आणि कधी नव्हतं, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "डॉड, पिंप ढकलायला दंड लागतात रे. ही पोर पिंपाखाली सापडली तर तुझी बायको माझ्या नावानं बोटं मोडेल."

"पिंप ढकलत नाहीत, डूगल," डॉड म्हणाला. "त्याला चालायला लावतात. तुला इतक्या वर्षांत एवढं कळलं नाही?"

भरलेलं पिंप आडवं लोळवत रांगेत नेऊन लावायचं तर ते थांबेल तेव्हा त्याच्या पोटावरचं बूच बरोबर वर आलं पाहिजे. खाली किंवा बाजूला आलं तर गळतं. आणि पाव टनाचं धूड एकदा जागेवर बसलं की मग पुन्हा फिरवता येत नाही. म्हणून निघतानाच हिशेब करायचा, पिंपाचं तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी समजून बूच इतकं वाजून इतक्या मिनिटांवर ठेवलं तर तिथे पोचेपर्यंत किती गिरक्या होतील. एल्सपेथनं पिंपाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, बूच चारच्या काट्यावर ठेवलं आणि पिंप सोडलं. चाळीस पावलं गडगडत गेलं आणि थांबलं तेव्हा बूच बाराच्या ठोक्यावर होतं. डूगल दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि बर्नशीलमध्ये एवढी शांतता पुन्हा कधी झाली नाही.

त्याच आठवड्यात डॉडनं पदरचे पैसे घालून ताज्या गाळलेल्या दारूचं एक पिंप विकत घेतलं. कामगारांना तेव्हा तशी मुभा होती. त्याच्या तोंडावर पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं, ए. गे. आणि खाली साल.

"तुझ्या लग्नात फोडू," तो म्हणाला.

"आणि लग्नच नाही केलं तर?"

"तर मी एकटा पिईन. घाई करू नकोस."

आपल्या नावाचं पिंप असणं काय असतं ते एल्सपेथला विचारावं. रोज सकाळी ती आधी त्याला एक टिचकी मारायची आणि मग कामाला लागायची.

पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात मात्र अशी थंडी पडली की नदी काठाकाठानं गोठली. नवीन वर्षाला तीन दिवस होते, गोदामाला सुट्टी होती. डॉड सकाळी न्याहारी करून फेरी मारायला म्हणून एकटाच गेला तो दिवेलागणीला परतला. हात सोलपटलेले, कपड्यांना व्हिस्कीचा दर्प. टोपी न काढताच तो खुर्चीत बसला.

"तुझं पिंप गळलं गं," तो म्हणाला. "कडं तुटलं थंडीनं. सगळं जमिनीत गेलं."

एल्सपेथ आधी रडली आणि मग जी भडकली ती आठवडाभर. "कंपनीच्या चार हजार पिंपांवर तुझा डोळा असतो बाबा, माझं एक होतं, ते नाही दिसलं?" डॉड मोगरी उचलून फेरीला निघून जायचा. गावाला तर आयतंच मिळालं. डॉड गेडिसनं आजवर एकही पिंप गळू दिलं नाही, पोरीचं सोडून. हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं की त्याचा उत्तरार्ध म्हणायला लोक थांबत आणि समोरचा तो पुरा करी.

दीड वर्षानं तिनं बस चालवणाऱ्या कॅलम टॉशशी लग्न केलं, आणि तिच्या लग्नात पाहुण्यांना दुकानातून आणलेली, तीही पलीकडच्या खोऱ्यातली व्हिस्की दिली गेली. ज्याला आमच्याकडची रीत माहीत आहे त्याला ही केवढी नामुष्की ते सांगायला नको. वधूपित्याच्या नावानं पेला उचलायचा मान डूगलचा होता. तो उभा राहिला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "डॉड गेडिसला! ज्यानं कधी एकही पिंप गळू दिलं नाही," आणि थांबला. चौसष्ट पाहुणे एका आवाजात ओरडले, "पोरीचं सोडून!" हॉल हसून हसून दणाणला. डॉडही हसला. मग खाली वाकून त्यानं बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली, आणि तिला बराच वेळ लागला. एल्सपेथनं ते पाहिलं. तिला वाटलं, बरं झालं, थोडी लाज वाटू दे.

तिच्या नावाचं ते रिकामं पिंप डॉडनं मधोमध कापलं आणि अर्धं तिच्या दारात फुलझाडांसाठी आणून ठेवलं. आमच्याकडे दर दारात असं एक असतंच. पहिल्याच वसंतात तिची सगळी झाडं कुजली, कारण पाणी आत तसंच साचून राहिलं. कॅलमनं तळाला सहा भोकं पाडली तेव्हा कुठे ते वाहिलं. "मेलं करंटं," एल्सपेथ म्हणाली, "व्हिस्की धरून ठेवता आली नाही, आणि पाणी सोडायला तयार नाही." तेवढं म्हणून ती आत गेली. तिनं, तिच्या नवऱ्यानं, येत्याजात्या कुणीही त्यापुढे विचार केला नाही.

डॉड निवृत्त झाल्यावर गोदाम एल्सपेथकडे आलं. चार वर्षांपूर्वी तो गेला. जाईपर्यंत त्या एका थट्टेनं त्याची पाठ सोडली नाही, आणि त्यानं एकदाही तिला उलट उत्तर दिलं नाही.

यंदा बर्नशीलच्या भट्टीला दोनशे वर्षं झाली. एडिनबरोच्या ऑफिसनं ठरवलं की या निमित्तानं एक खास सिंगल माल्ट काढायची, मोजक्या पाचशे चाळीस बाटल्या, आणि पुन्हा कधीच नाही. जुन्यात जुनी सात पिंपं निवडून त्यांचं मिश्रण करायचं काम रॅनल्ड इम्रीकडे आलं. इम्री म्हणजे नाक. दिवसभर वास घेतो, थेंबभर जिभेवर ठेवतो, थुंकतो आणि वहीत दोन शब्द लिहितो. त्याला खूश झालेलं कुणी पाहिलेलं नाही. पण एक हजार एकशे सत्त्याऐंशी नंबरचं पिंप, एक्याऐंशी साली भरलेलं, आधी शेरी वाईन मुरलेल्या लाकडाचं, पाचशे लिटरचं धूड, त्याचा नमुना हुंगून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. "बाकीची सहा चांगली आहेत," तो एल्सपेथला म्हणाला. "हे नसेल तर मात्र ती सहा म्हातारी माणसं आहेत, एका खोलीत गप्प बसलेली."

सातांतलं सगळ्यात धाकटं पिंप त्र्याऐंशी सालचं, म्हणून बाटलीवर आकडा येणार होता चाळीस. आमच्या धंद्यात म्हाताऱ्यांना मान नाही, मान धाकट्याला. मिश्रणात एक चमचा जरी कोवळी व्हिस्की पडली तरी बाटलीवर वय लिहायचं ते त्या चमच्याचं. त्यात हातचलाखी चालत नाही.

आणि प्रत्येक खोक्यात एक कार्ड जाणार होतं. त्यावर डॉडचा टोपीतला फोटो आणि खाली एक ओळ, की या माणसानं अडतीस वर्षांत एकही पिंप गळू दिलं नाही. कार्डाचा नमुना एल्सपेथनं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. दूधवाला असो की पाद्री, आल्यागेल्याला ती तो दाखवायची. अभिमानानं ती फुलून यायची आणि ते लपवायचा प्रयत्नही करायची नाही.

मार्चमध्ये सातही पिंपं बाहेर काढायचं ठरलं. अकराशे सत्त्याऐंशी अगदी तळच्या रांगेत, भिंतीला लागून होतं. इतक्या वर्षांत त्याला कुणी हलवल्याची नोंद नव्हती. तरफा लावून ते मोकळं केलं, मोकळ्या जागेत आणलं, आणि माणसं चहाला गेली. निवृत्त झालेल्या डूगलला जुनी पिंपं तपासायला मुद्दाम बोलावलं होतं. चहा म्हटल्यावर तो सगळ्यांच्या पुढे गेला.

एल्सपेथ मागे राहिली. तिनं तीनदा ठोकलं. आवाज चांगला, पातळी शेजारच्या पिंपांइतकीच, वयाला साजेशी. मग खालची बाजू पाहावी म्हणून तिनं ते अर्धी गिरकी फिरवलं, आणि तिच्या हातातली मोगरी तशीच राहिली.

खालची एक फळी हातभर लांब तडकलेली होती. फटीत लव्हाळे ठासून भरलेले, वर नऊ लाकडी खुंट्या ओळीनं मारलेल्या, आणि तिथलं कडं बाकीच्यांपेक्षा नवं. खुंट्यांची डोकी तीन कोनांत तासलेली. तशा खुंट्या स्पेच्या काठावर एकच माणूस तासायचा, आणि तिला तशाच तासायला त्यानंच शिकवलं होतं.

म्हणजे बाबाच्या हातून एक पिंप गळलं होतं.

पहिल्या क्षणी तिला एवढंच कळलं आणि तेवढंच पुरेसं वाईट होतं. पण कान गप्प बसेना. तिनं पुन्हा ठोकलं. एवढ्या फटीतून दिवसभरात निम्मी व्हिस्की जाते. मग आवाज शेजाऱ्यांसारखा कसा? निम्मं गेलेलं पिंप शेजाऱ्यांच्या बरोबरीनं भरलेलं कसं? पिंप आपणहून भरत नाही. कुणीतरी वरून ओतलं असलं पाहिजे, आणि डॉड गेडिस कंपनीच्या दुसऱ्या पिंपातला थेंब मेला तरी चोरायचा नाही.

चहावरून माणसं परतत होती. तिनं पिंप फिरवलं. बूच बरोबर बारावर आलं, जखम खाली गेली. "जरा डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि घरी गेली.

दारातल्या अर्ध्या पिंपात अजून काही लावलेलं नव्हतं. एल्सपेथनं दोन-तीन फावडी माती बाहेर काढली, गुडघ्यांवर बसली आणि आतून सगळ्या फळ्यांवरून हात फिरवला. एक तडा नाही. एकही खुंटी नाही, लव्हाळ्याची काडी नाही. कडी मूळचीच. तळाला फक्त कॅलमनं पाडलेली सहा भोकं होती. तिची झाडं बुडवून मारणारं हे पिंप जन्मात कधी गळलं नव्हतं.

कॅलम दुपारच्या जेवणाला आला तेव्हा ती तशीच मातीत बसली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्या थंडीत कडं तुटलं ते कंपनीच्या पिंपाचं. असं पिंप शंभरात एक असतं, आणि निम्मं रिकामं राहिलं तर हवेनं वर्षभरात बिघडतं. वर कळवलं असतं तर ते टँकरमध्ये ओतून स्वस्त मालात घालवलं असतं. म्हणून बाबानं एकट्यानं दिवसभर खपून फट बुजवली आणि बादलीबादलीनं माझं पिंप त्यात रिकामं केलं.

कॅलम पायरीवर बसला. "म्हणजे आपल्या लग्नाची व्हिस्की..."

"आहे. तिथेच आहे."

"आणि मी पलीकडच्या खोऱ्यातलं ते पाणी पिऊन नाचलो."

"कॅलम, थट्टा नको. आकडा खोटा होतोय. त्यात माझी एक्याण्णवची व्हिस्की आहे. चाळीस नाही, बत्तीस."

"कुणाला कळणार?"

"मला."

"एल्सपेथ," कॅलम जपून म्हणाला, "तू बोललीस तर ते कार्ड जाईल. तुझ्या बापाचं जन्मभराचं नाव आहे ते. तो गेला बिचारा. त्याला आता उघडं पाडून काय मिळणार?"

हे तिला कळत नव्हतं असं नाही. खिडकीतून कार्डावरचा डॉड टोपी मागे सरकवून तिच्याकडेच बघत होता. तिला त्याचा राग आला. चोवीस वर्षं गावाचं हसू सोसलंस, माझा रुसवा सोसलास, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. आणि त्याच वेळी त्याचा अभिमानही वाटला. त्यानं खोटं बोलून व्हिस्की वाचवली होती. आता तिच्यावर खोटं लिहिलं जाणार होतं, आणि ते एल्सपेथच्या गोदामातून बाहेर पडणार होतं. पाचशे चाळीस बाटल्या, प्रत्येकीवर.

"माझ्या दारातून चुकीचा आकडा जाणार नाही," ती म्हणाली. ती उठली, हात धुतले आणि इम्रीकडे गेली.

इम्रीनं सगळं ऐकलं. मग अकराशे सत्त्याऐंशीचा पेला उचलून नाकाशी धरला. बराच वेळ.

"हिरवं सफरचंद," तो म्हणाला. "तीन महिने मी या सफरचंदाच्या मागे आहे. बेचाळीस वर्षांचं पिंप, आणि त्यात ही तरतरी कुठून? मी वहीत लिहिलं, लाकडाचा गुण." त्यानं पेला खाली ठेवला. "तुमच्या वडिलांनी माझं नाक कापलं, एल्सपेथ."

"मी माफी मागते, मिस्टर इम्री."

"कशाबद्दल? उलट मला आज झोप लागेल." आणि तो हसला. मी दाराबाहेर होतो, मी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

एडिनबरोहून उत्तर आलं की ते पिंप वगळा, बाकीच्या सहांचं मिश्रण करा, चाळीस आकडा राहू द्या. इम्रीनं नाव-आकडा नसलेल्या दोन बाटल्या साहेबांकडे पाठवून दिल्या. एकीत सहा पिंपं, दुसरीत सात. कुठली कुठली ते सांगितलं नाही. साहेबांनी चव घेतली आणि एकजात सगळ्यांनी दुसरी निवडली. इम्रीनं कळवलं, पहिली म्हणजे तुमची चाळीस वर्षांची, मीठ विसरलेली लापशी. बर्नशीलच्या नावानं ती द्यायची असेल तर खाली माझं नाव नको. तेव्हा एका साहेबानं फोनवर हळूच विचारलं म्हणे, सातही घालून चाळीसच लिहिलं तर कुणाच्या लक्षात येईल?

"गेडिसबाईंच्या," इम्री म्हणाला आणि फोन ठेवला.

मग कागद गेले-आले, वकील आला, तपासणी झाली, सहा महिने मोडले. शेवटी बाटलीवर आकडा आला बत्तीस. किंमत उतरली. कार्डावरची ओळ काढा, असं एल्सपेथनंच सांगितलं होतं, तर ऑफिसनं अख्खं कार्डच काढून टाकलं. ते समजलं त्या दिवशी तिनं खिडकीतला नमुना उतरवून फडताळात ठेवला आणि ताटावर बसून जेवली नाही. आपण आपल्या हातानं बापाला पुसून टाकलं असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा मोगरी तिनं खिशातून बाहेर काढली नाही.

त्या वकिलानं जाता जाता तिला विचारलं होतं. अकराशे सत्त्याऐंशीत निम्मा माल कायद्यानं तुमचा निघतो, काय हवं ते बोला.

"एक बाटली द्या," एल्सपेथ म्हणाली.

हे ऐकून डूगल गावभर सांगत सुटला की गेडिसांच्या घराण्यात अक्कल पिढीगणिक गळते आहे. नेमकं काय घडलं ते त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. ऑफिसनं कुणाला काही बोलायचं नाही असं बजावलं होतं. गावात एवढीच कुजबुज होती की डॉडच्या वेळची काहीतरी भानगड निघाली.

सप्टेंबरात बाटली आली. पुढच्या शनिवारी दुपारी एल्सपेथनं माणसं बोलावली. कोणाकोणाला बोलावलंय ते आधी लक्षात येईना. मग आलं. तिच्या लग्नाला चौसष्ट जण होते. त्यातले जे जिवंत होते, चालू शकत होते आणि परदेशी गेलेले नव्हते असे अकरा जण तिच्या दारात उभे होते, आणि मीही त्यांतला एक होतो. डूगल नेहमीप्रमाणे फुलांच्या पिंपाच्या काठावर टेकला.

"ऊठ," एल्सपेथ म्हणाली. "ते नीट बघ."

"काय बघू? तुझी झेंडूची झाडं मरतायत."

"झाडं नको बघू. पिंप बघ. तू चाळीस वर्षं पिंपं बांधलीस ना?"

डूगल कुरकुरत वाकला. अंगठा सवयीनं सांध्यांवरून फिरू लागला, एक फळी, दुसरी, तिसरी. अर्ध्यावर तो हळू झाला. पुरा वळसा घालून झाल्यावर तो कड्याशी थांबला, त्याचे रिवेट चाचपले, मग गुडघ्यावर बसून माती उकरली आणि आतून हात घातला.

"हे कधी गळलेलंच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पंचवीस वर्षं मी ह्याच्यावर बसतोय, पोरी. आणि मी पिंपं बांधणारा."

मग तिनं सांगितलं. थंडीचं, तुटलेल्या कड्याचं, नऊ खुंट्यांचं, बादल्यांचं. आणि शेवटी, लग्नात डॉडनं सोडून पुन्हा बांधलेल्या बुटाच्या नाडीचं. डूगल पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता. त्यानं टोपी काढली होती. ती कधी काढली ते मला आठवत नाही.

कॅलमनं बाटली फोडली. बोटभरच आली प्रत्येकाच्या वाट्याला. मी आयुष्यभर या धंद्यात आहे, पण असं काही नाकाशी आलेलं मला आठवत नाही. म्हातारं लाकूड, मनुका, जुन्या कपाटाचं मेण, आणि या सगळ्याच्या मधून एकदम हिरवं सफरचंद, नुकतंच चावल्यासारखं. एल्सपेथनं डोळे मिटून एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. तिच्या नावाच्या पिंपाची चव तिला बत्तीस वर्षांनी कळत होती. डोळे उघडले तेव्हा तिनं मान एवढी ताठ केली होती की तिला कुणी बापाची पोर नाही म्हटलं नसतं.

"डूगल," ती म्हणाली, "वधूपित्याच्या नावानं पेला उचलायचा मान तुझा आहे. मागच्या वेळी तू चुकलास. पुन्हा म्हण."

डूगलनं पेला उचलला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला शब्द सापडत नाहीत असं बर्नशीलनं दुसऱ्यांदाच पाहिलं.

"डॉड गेडिसला," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या हातून कंपनीचं एक पिंप गळलं." तो थांबला. या वेळी कुणी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. ते त्यालाच करावं लागलं.

"पोरीचं थेंबभरही सांडलं नाही."

आम्ही प्यालो. पेला खाली ठेवायला कुणी तयार नव्हतं. एल्सपेथ आत गेली, फडताळातून ते कार्ड घेऊन आली, पेनानं त्यावरची ओळ खोडली, डूगलचं वाक्य जसंच्या तसं खाली लिहिलं आणि कार्ड परत खिडकीत ठेवलं.